विरोधी पक्षाची खुर्ची

आमच्या आरोग्य केंद्रात बैठक दोनदा व्हायची. एक साहेबांपुढे, तिथं सगळे "हो साहेब". दुसरी लगेच फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर, तिथं साहेबांच्या प्रत्येक म्हणण्याची चिरफाड. नव्या डॉक्टर साहेबांना हे कळलं आणि त्यांनी एक प्रथा पाडली. खिडकीजवळची निळी खुर्ची विरोधी पक्षाची. दर बैठकीला एकेकानं तिथं बसायचं आणि जे ठरतंय त्यात खोट काढायची. बीड जिल्ह्यात विरोधी पक्षात बसायला आधीच कुणी राजी नसतं, त्यात मी कंत्राटी नर्सबाई.

त्या सोमवारी खुर्ची माझ्या वाट्याला आली. विषय होता ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांच्या तपासणीचं शिबिर. ते पुढच्या आठवड्यात गुरुवारी ठरलं होतं, कारण उद्घाटनाला येणारे पुढारी त्याच दिवशी मोकळे होते. पण मी नुकतीच वस्तीवर जाऊन आले होते. तिथं भांडीकुंडी पोत्यांत भरणं चाललं होतं. मुकादमाचा ट्रक याच रविवारी येणार होता. सातवा महिना लागलेल्या एकीचे ओठ पांढरेफटक होते. मला तिचीच धास्ती होती.

"सिस्टर, जपून," फार्मासिस्ट कुजबुजले. "तुमचं कंत्राट हाय. कशापायी वाईट होता?"

तरी मी त्या खुर्चीत बसून सगळं सांगितलं. साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"वा! आज विरोधी पक्ष जोरात आहे. चला, पुढचा विषय."

सगळे हसले. मीही हसले, आणि मग लक्षात आलं. शिबिर गुरुवारीच राहिलं होतं.

मी उठले आणि औषधांच्या कपाटाजवळच्या माझ्या रोजच्या जागेवर जाऊन उभी राहिले. "साहेब, तिथं बसून बोलले ते खेळातलं समजू नका. आता माझं म्हणून सांगते. गुरुवारी वस्तीवर एकही गरोदर बाई सापडणार नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी फार्मासिस्टना विचारलं, "हे खरं आहे?"

त्यांनी उगाच चष्मा पुसला. "हाय साहेब. समद्यांलाच ठाव हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"खुर्ची आमची नव्हती, साहेब."

शिबिर शनिवारीच झालं, पुढाऱ्यांविना. त्या बाईचं रक्त इतकं कमी निघालं की तिला तिथूनच बीडला पाठवावं लागलं. एक मजूर कमी झाली म्हणून मुकादम माझ्या अंगावर धावून आला.

निळी खुर्ची आता व्हरांड्यात पडून आहे. मार्चअखेर माझं कंत्राट संपतं. ते वाढवायला सही साहेबांचीच लागते, आणि उद्घाटन हुकल्यापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात. परवा ती बाई बाळ दाखवायला आली. गुटगुटीत पोरगी. मी तिला उराशी धरलं, लई बरं वाटलं, पण माझे डोळे सारखे साहेबांच्या बंद दाराकडे जात होते.