तुन्ही माटी दखाड!

काल बाजारात मोहाच्या फुलांचा वास आला आणि मी मनाने थेट सातपुड्यातल्या एका झोपडीपुढे उभा राहिलो! तेव्हा मी जमीनमोजणीचा नवा कारकून होतो. दारातल्या भिल्ल बाईला मी ऐटीत माझ्या अहिराणीत फर्मावलं, "बाई, तुन्ही माटी दखाड!" मला शेतातली माती बघायची होती. तिच्या भिलीत मात्र माटी म्हणजे नवरा, आणि सरकारी माणसं तेव्हा पुरुषांना वेठीला नेत.

"मरी गयो," ती रोखून बघत म्हणाली.

तेवढ्यात आतली कणगी शिंकली! माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मूठभर माती उचलून दाखवली. "हाई माटी, माय!"

"हाई? जितली जोयजे तितली लई जा!"

हा किस्सा मी पुढे चारचौघांत तिच्यावर हसत खूप रंगवला. आता वाटतं, तिचा संशयच शहाणा होता. मी ओढा ओलांडेपर्यंत ती दार अडवूनच उभी होती.