क्रियापद आधी

पडेगावच्या नाक्यावर झेरॉक्सचं दुकान चालवणारे एक काका स्वतःची भाषा तयार करतात. मी गेलो की मशीन गरम होईपर्यंत ते मला तिचं व्याकरण शिकवतात. "मराठीत क्रियापद लई उशिरा येतं. माझ्या भाषेत ते आधी. काय करायचं ते एकदा कळलं, की बाकीचं सावकाश बोला." त्या भाषेत लिंगं नाहीत, अपवाद नाहीत. ती बोलणारंही त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

परवा काकू डबा घेऊन आल्या. काका "आलोच" म्हणत भाषेच्या वहीतच रमलेले. शेवटी काकू वैतागून ओरडल्या, "तेलो लुमा!"

काकांचा पेन थांबला. "डबा खा म्हणतीय," ते मला म्हणाले. "माझ्या भाषेत!"

"रोज कानावर पडतं ना," काकू म्हणाल्या. "चुकलं का?"

"व्हय. लुमा आधी पाहिजे, ते क्रियापद हाय."

"भूक लागल्यावर आधी डबाच दिसतो."

काका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग त्यांनी काकूंच्या देखत नवा नियम लिहिला: भूक लागली असता कर्म आधी चालेल. आणि पुढं कंसात, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, एक शब्द घातला: बोलीभाषेत.