बाची गाठ आणि थंडरबोल्टची केबल

दिवाळी झाली की आमचं अख्खं घर एका गोधडीत मावायचं. दोन टोप, तवा, नागलीच्या पिठाचा डबा, आईची एक बरी साडी, माझी पाटी. सगळं मधोमध ठेवून बा त्यावर गुडघा द्यायचा आणि दोरी ओढायचा. दोन वेढे, एक पीळ, आणि अशी गाठ की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर पोचेपर्यंत ट्रक कितीही उधळला तरी ती सुटायची नाही. पावसाच्या तोंडाला परत यायचो, तेव्हा तीच गाठ पुन्हा.

जायचं कारण साधं होतं. मोखाड्याच्या डोंगरात आम्ही आजोबाच्या वेळेपासून वरकस, उताराची हलकी जमीन कसत होतो, पण कागदावर ती जंगलाची होती. कागद नाही म्हणून बंधारा नाही, विहीर नाही, दुसरं पीक नाही. भात-नागली संपली की भट्टी. शाळेच्या हजेरीत माझं नाव असायचं आणि मी भिवंडीला विटा उलटत असायची.

एका वर्षी बा म्हणाला, "ही नाय येणार." त्याने मला आश्रमशाळेत नेऊन सोडलं. माझं बोचकं त्यानेच बांधलं होतं. वसतिगृहाच्या बाई ती गाठ अर्धा तास सोडवत बसल्या आणि शेवटी त्यांनी कोयता मागवला. पुढे मी जव्हारच्या कॉलेजातून भूगोल घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली, पाड्यातही पहिली. हे मी मिरवूनच सांगते, कारण मिरवण्यासारखंच आहे.

कॉलेजात संगणकावर नकाशे काढायला शिकले होते. ठाण्याच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला एक लॅपटॉप मिळाला. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, कारण ते फुकट आणि म्हाताऱ्या लॅपटॉपला झेपणारं. लॅपटॉप इतका सडपातळ की डाव्या अंगाला विजेची खूण असलेली दोन बारकी भोकं सोडली तर बाकी काहीच नाही. ही थंडरबोल्टची पोर्टं. चार्जर, माऊस, मोठा पडदा, सगळं त्यातूनच. त्यासाठी एक काळी डबी होती, डॉक म्हणतात. लॅपटॉपमधून एक जाड केबल डबीत जाते आणि डबीतून बाकी सगळ्यांचा संसार चालतो.

मग जंगलजमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी म्हणून गावाच्या वनहक्काच्या दाव्यांचं काम मी अंगावर घेतलं. प्रत्येकाच्या शेताभोवती चालून मोजणी केली, पुढे बा काठीने काटे बाजूला सारत. पाड्यातल्या प्रत्येक तुकड्याचा नकाशा तयार झाला, आमच्याही. आता ग्रामसभेने ते बघून होकार द्यायचा होता. सभा दिवाळीआधीच व्हायला हवी होती. दिवाळी झाली की अर्धा गाव भट्टीवर, मग सभेला माणसं कुठली? दावे थेट पुढच्या पावसाळ्यावर गेले असते, आणि पावसाळ्यात पेरणी सोडून सभेला कोण बसतो.

सभेच्या चार दिवस आधी शाळेतल्या मोठ्या टीव्हीला सगळं जोडून बघितलं. नकाशा भिंतभर आला. मी रिकाम्या वर्गात एकटीच नाचले. खरंच नाचले.

सभेच्या सकाळी सामान बाने भरलं. वाटेत ओढा होता, काही पडायला नको म्हणून. बांधून झालेली गाठ मी कौतुकाने बघितली.

शाळेत गाव जमलं होतं. पुढे म्हाताऱ्या, मागे पोरं कडेवर घेतलेल्या बाया, दारात बिड्या विझवून उभे असलेले बाप्ये. मी केबल लावली. लॅपटॉप चार्ज होऊ लागला, माऊस हलला. टीव्हीवर निळ्या पाटीत दोन शब्द: सिग्नल नाही.

"थांबा, आत्ता येतं," मी म्हणाले. हे मी पुढच्या तासाभरात बहुतेक वीस वेळा म्हणाले असेन.

केबल दुसऱ्या भोकात घातली. तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. लिनक्सच्या नव्या कर्नलने, म्हणजे त्याच्या गाभ्याने, घोळ केला असेल म्हणून जुन्या कर्नलवर गेले. तेच. सुरू होताना एक बटण दाबून लॅपटॉपच्या पोटातल्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे थंडरबोल्टला अनोळखी यंत्रं आत घेऊ नको असं सांगता येतं. ते तपासलं. सगळं जिथल्या तिथे.

गावाच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष म्हणजे आमच्या शेजारचा काका. तो वाकून म्हणाला, "पोरी, पेनड्राइवमधी घालून लाव ना."

"काका, नुसता फोटो दिसेल. तुझ्या बांधावरून भांडण निघालं तर रेघ सरकवायची कशी?"

"माझ्या बांधावरून कशाला निघंल?" काका म्हणाला, आणि मागून सगळे एकदम हसले.

पहिल्या ओळीतली म्हातारी, गावातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट, तंबाखू मळत म्हणाली, "येवढं कालेज केलंस नि टीवी लागंना? माझा नातू दुसरीत हाय, तो लावतो."

"आजी, त्याला बोलाव."

"तो गुरांमागं गेलाय. शिकलेली तूच हायस ना हितं?"

मी टर्मिनल उघडलं, काळ्या पडद्यावर हुकूम दिला: थंडरबोल्टला कोण कोण जोडलंय सांग. उत्तर आलं. डॉकचं नाव बरोबर होतं, जुनी ओळख होती, परवानगी होती. पुढे लिहिलं होतं, जोडलेलं नाही. म्हणजे लॅपटॉप म्हणत होता, हा माझ्या ओळखीचा आहे, पण आला कुठे? आणि त्याच डॉकमधून माऊस तर मजेत फिरत होता!

दारातले दोघे हळूच बाहेर सरकले. आई मागून ओरडली, "बसा रं! येतंय!" तिला काय येतंय ते ठाऊक नव्हतं, पण आवाज असा की दोघे परत बसले. सगळे उठून गेले असते तर आमचा तुकडा आणखी वर्षभर जंगलाचाच राहिला असता. आई ते विसरली नव्हती.

तेवढ्यात म्हातारीने पाय लांब केले. तिचा पाय केबलला लागला आणि टीव्हीवर नकाशा चमकून गेला.

सगळी शाळा ओरडली.

"मी काय नाय केलं!" म्हातारी पाय आखडून म्हणाली.

"आजी, परत कर! परत तेच कर!"

"काय करू?"

"पाय लांब कर!"

तिने पाय लांब केला. काही नाही. डावा कर, उजवा कर, जरा खाली, असं सगळं गाव तिला शिकवू लागलं. ती पण रंगात आली, लुगडं सावरून दोन्ही पाय आळीपाळीने हलवू लागली. टीव्ही पुन्हा चमकला, विझला. मी गुडघ्यावर बसून केबल हाताने चाचपत गेले. डॉकच्या तोंडाशी, अगदी मानेजवळ, ती मोडली होती. वरचं रबर धड, आत पेकाट गेलेलं. आता कळलं. केबलच्या आत बऱ्याच तारा असतात. वीज आणि माऊस चालवणाऱ्या जाड तारा शाबूत होत्या. चित्र नेणाऱ्या तारा केसासारख्या नाजूक, त्या तुटून एकमेकींना टेकल्या की चित्र यायचं, सुटल्या की जायचं.

मोडलेल्या जागी रबरावर दोन वेढ्यांचा आणि एका पिळाचा ठसा होता.

मी बाच्या तोंडाकडे बघितलं. बा छपराकडे बघत होता.

"बा, तू गुडघा दिलास?"

"हलका दिला," बा म्हणाला.

मी हसत सुटले. मला आवरेचना. इतक्या वर्षांच्या ट्रकात न सुटलेली ती गाठ! आई हसली, काका हसला, बाची मान खाली होती पण खांदे हलत होते. पोर्ट चांगलं, लिनक्स चांगलं, डॉक चांगला. मी तासभर लॅपटॉपची आतडी उपसत होते आणि दुखणं बाहेर, गवताचा भारा आवळावा तसं आवळलेलं.

अशी केबल जव्हारलाही मिळत नाही. पण बाने कमरेचा कोयता काढला होता. शाळेच्या कुडाच्या भिंतीतली बांबूची एक कांबी तोडून त्याने तिच्या दोन पट्ट्या तासल्या. आमच्याकडे शेळीचा पाय मोडला की असंच करतात. केबलची मान मी सरळ धरली, टीव्हीकडे बघत, जरा वर, जरा खाली, आणि चित्र आलं ते थांबलं. बाने दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावल्या, आईने पदराची किनार फाडून दिली, आणि बा बांधायला खाली वाकला.

"गुडघा नको!" मी ओरडले.

"गुडघा नको!" अख्खी ग्रामसभा ओरडली.

त्याने बोटांनीच बांधलं. इतकं हळू मी त्याला काही बांधताना कधी बघितलं नव्हतं.

नकाशा भिंतभर उभा राहिला. टर्मिनलमध्ये पुन्हा विचारलं, तर उत्तर आलं: जोडलेलं आहे. मी तिथेच एक उडी मारली. बी.ए. झालेल्या बाईने ग्रामसभेत उडी मारू नये असा नियम असेल तर तो मोडला.

मग एकेकाचं शेत लावलं. लोक उठून पडद्याजवळ जात, बोट लावत, "हा माझा आंबा," म्हणत. काकाच्या बांधावरून भांडण निघालंच, ते आमच्याशीच. त्याचं म्हणणं हिरड्याचं झाड त्याच्याकडे. रेघ तिथल्या तिथे दोन पावलं सरकवली, झाड त्याला दिलं. म्हातारी प्रत्येक नकाशाला विचारायची, "पाय हलवू का?" आणि सगळे म्हणायचे, "नको!"

आमचा तुकडा आला तेव्हा बा केबलशेजारी उकिडवा बसून होता. कुणाचा धक्का लागू नये म्हणून त्याने जागा सोडली नव्हती.

"येवढासा?" आई म्हणाली.

"थांब, मोठा करते." मी मोठा करत गेले, आमची झोपडी, खळं, मोहाचं झाड दिसेपर्यंत. बाने बसल्या जागेवरून मान वळवली आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "बराबर हाय," आणि पुन्हा केबलकडे वळला.

त्या दिवशी ग्रामसभेने हात वर करून सगळे नकाशे मंजूर केले. सह्या झाल्या, अंगठे झाले. पुढे कागद मोखाड्याला आणि मोखाड्याहून पुढे फिरत राहिले, मी त्यांच्या मागे फिरत राहिले. शेवटी जमिनीचा पट्टा आला, आईच्या आणि बाच्या, दोघांच्या नावाने. जमीन आता आमची आहे, आणि यंदा दिवाळीनंतर बाने गोधडी बांधली नाही.