मेलेल्याची बाजू

"तुला काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं."

नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत, भर वर्गात, प्रोफेसरांनी मला हे हसतमुखानं सांगितलं. ते प्राचीन अथेन्सचा कायदा शिकवत होते. नवऱ्यानं बायकोच्या याराला घरात पकडून ठार मारलं, तर तो निर्दोष. तसाच एक खटला आम्ही वर्गात चालवायचा होता. नवरा झाली पुण्याची सायली. मी बायको. अथेन्सच्या कोर्टात बाईला तोंड उघडायची सोय नव्हती. शिवाय याराबरोबर सापडलेल्या बाईनं देवळात जायचं नाही, दागिने घालायचे नाहीत. माझ्या आजीवर हे सगळं काहीही न करता लादलेलं होतं. जात पुरेशी होती.

सायली कानाशी म्हणाली, "अगं, सगळ्यात सोपा रोल मिळालाय तुला. यू जस्ट सिट देअर. तसंही तू बोलतेस कुठे?"

खरंच नव्हते बोलत. पहिल्याच आठवड्यात तिनं माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग विचारणंच बंद केलं. तिच्या गणपतीला वर्गातली गोरी पोरंसुद्धा जाऊन आली. मला बोलावणं नव्हतं. रविवारी मी शेअर्ड किचनमध्ये एकटी भात खायचे आणि कुणीतरी उगाच आत यावं म्हणून दाराकडे बघत बसायचे. फार एकटी होते मी.

सायली छान बोलली. टाचणीनं भोक पाडलेली पाण्याची बाटली टेबलावर टांगली होती. पाणी संपेपर्यंत बोलायचं, ही अथेन्सची रीत. "माझं घर, माझी अब्रू," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. मेलेल्याच्या वतीनं फिर्याद त्याच्या नातेवाइकानं करायची असते. ते काम ज्याला दिलं होतं, तो मुलगा आलाच नव्हता.

"चालेल," प्रोफेसर म्हणाले. "मेलेल्याची बाजू तशीही लंगडीच आहे."

वर्ग हसला.

माझा दादा वायरमन होता. गावातल्या बड्या बागायतदाराच्या घरात त्याला ठेचून मारलं. सुनेच्या खोलीत सापडला म्हणाले. कोर्टानं तेच ऐकलं. सगळे सुटले. गावानं दादाला बदफैली ठरवलं आणि आईनं खाली घातलेली मान अजून वर केलेली नाही.

मी उभी राहिले.

"मी मेलेल्याची बहीण."

"अथेन्समध्ये बहिणीला बोलता येत नसे," प्रोफेसर म्हणाले.

"इथं येतं."

त्यांनी बाटली पुन्हा भरली. मी सायलीकडे वळले. "त्याला घरात कुणी बोलावलं होतं?"

कारण त्या जुन्या कायद्यातही एवढी लाज शिल्लक होती. माणसाला मुद्दाम बोलावून आणून मारलं, तर तो खून. मग मी दादाचं सगळं सांगितलं. "मोटर जळलीय, लगेच ये," असा फोन त्याच घरातून आला होता. दादा माझ्यासमोर भरल्या ताटावरून उठला होता. आमच्या कोर्टात हा प्रश्न कुणी विचारला नाही. आमच्या वकिलानंही नाही. पोलिसांना माझी साक्ष नको होती.

सायली मराठीत पुटपुटली, "पण काहीतरी असेलच ना गं. उगाच कोण कुणाला मारतं?"

अगदी हेच आमचं गाव म्हणालं होतं. मी तिचं वाक्य मोठ्यानं इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनंही कुणी बोललं नाही. बाटलीतलं पाणी संपलं, तरी मी बोलत राहिले.

वर्गातून बाहेर पडल्या पडल्या आईला फोन लावला. "अपील करायचं."

"एकटी काय करशील, बाई?" ती म्हणाली.

एकटीच आहे मी. इथंही, तिथंही. पण माझ्या भावाला त्या घरात कुणी बोलावलं, याचं उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही.