सत्काराची शाल

आमच्या ह्यांचा सत्कार झाला तो मे महिन्यात, स्वारगेटजवळच्या एका हॉलमध्ये. हॉल इतका गार केला होता की मी दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसले होते. कंपनीच्या मालकांनी ह्यांच्या अंगावर लोकरीची शाल घातली, हातात नारळ दिला. मे महिन्यात, ट्रक चालवणाऱ्या माणसाला, लोकरीची शाल. पुण्यात हवामान बघून कोणी सत्कार करत नाही.

सत्कार कशाचा, तर उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवण्याचा.

हे पुण्याहून नागपूरला माल नेत. रात्रभर गाडी चालवायची आणि दिवसा गोडाऊनबाहेरच्या रांगेत, आपला नंबर येईपर्यंत, केबिनमध्ये झोपायचं. ती झोप झाली नाही तर पुढची रात्र कशी काढायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कंपनीने मोठ्या कौतुकाने एसी केबिनच्या गाड्या घेतल्या होत्या. एसी चालायचा तो इंजिनावर. मग त्याच कंपनीने गाड्यांत एक यंत्र बसवलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं की ऑफिसातून फोन यायचा : डिझेल वाया जातं, हवा खराब होते, बंद करा.

दोन्ही खरं आहे. मी विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याच्या कडेला राहते, धुराचं मला कोणी शिकवायला नको. पण इंजिन बंद करून नागपूरच्या उन्हात माणसाने झोपायचं कुठे, हे सांगायला एकही फोन आला नाही. पंखा लावावा तर गाडीची बॅटरी उतरते, मग गाडी सुरूच होत नाही. सगळे ड्रायव्हर गाडीखाली झोपायला लागले. चाकांच्या मधे, डांबरावर पोतं टाकून. रांग सरकली की शेजारच्या गाडीचं चाक डोक्याजवळून जायचं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच ह्यांचा गाडी चालवताना डोळा लागला. गाडी दुभाजकाला घासली, तेवढ्यावर निभावलं. घरी आल्यावर चहा पिता पिता त्यांनी मला हे सांगितलं, भाजी महागली म्हणून सांगावं तसं. मला इतका संताप आला की मी कपबशी उचलून मोरीत नेऊन ठेवली. चहा अर्धा राहिला होता.

माझ्या भावाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. त्याला मी सांगितलं, काहीही कर, पण इंजिन बंद ठेवून ह्यांना गारवा मिळाला पाहिजे. त्याने सीटमागे एक वेगळी बॅटरी बसवली आणि तिच्यावर एक छोटा कूलर. गाडी धावताना ती बॅटरी भरायची, गाडी थांबली की तिच्यावर कूलर चालायचा. गाडीची मूळ बॅटरी जशीच्या तशी. खर्च माझ्या शिलाईतून केला. त्यानंतर हे घरी यायचे तेव्हा डोळे लाल नसायचे. आणि बंद इंजिनाच्या हिशेबात ह्यांची गाडी कंपनीत पहिली आली, म्हणून हा सत्कार.

मालकांनी माइकवरून विचारलं, यशाचं रहस्य काय? ह्यांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "झोप मिळते साहेब. बायकोने वेगळी बॅटरी आणि कूलर बसवून दिलाय." टाळ्या पडल्या. मीही हरखले. इतकी मी मूर्ख.

त्याच आठवड्यात हुकूम आला. परवानगीशिवाय गाडीच्या वायरिंगला हात लावला, सगळं काढा. मांजरी गावाच्या बाजूला कंपनीचं यार्ड आहे, तिथल्या माणसांनी बॅटरी आणि कूलर उपटून पोत्यात घालून ह्यांच्या हातात दिलं.

मी तडक यार्डातल्या ऑफिसात गेले, हे माझ्या मागोमाग. पिशवीत शाल घेतली होती, तिथल्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर आपटायला. दाराशी साहेबांची मोटार उभी होती. काचा बंद, इंजिन चालू, मागची सीट रिकामी. मोटारीचा ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, साहेबांना बसताना गाडी गार लागते.

साहेब तरुण होते, बोलणं अगदी मऊ. बाहेरची वायर जळून गाडी पेटली तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता, मी तसं म्हटलंही. मग म्हटलं, तुमच्या माणसांकडून बसवून घ्या, ह्यांच्याच नाही, सगळ्यांच्या गाड्यांत. ते म्हणाले, प्रस्ताव वर पाठवलेला आहे. तोपर्यंत काय, विचारलं तर म्हणाले, तोपर्यंत ड्रायव्हरांनी सावलीत विश्रांती घ्यावी.

"साहेब, आपली मोटार खाली चालू आहे," मी म्हटलं. "तिच्यात तर कोणी झोपलेलंही नाही."

"ताई, तो विषय वेगळा आहे," ते म्हणाले आणि मोबाइलकडे बघायला लागले.

मी पिशवीत हात घातला. हे इतका वेळ दाराशी उभे होते, ते पुढे आले आणि पिशवीवर हात ठेवून मला बाहेर घेऊन गेले. मला वाटलं, नोकरीला घाबरले. जिन्यात मी त्यांनाही सोडलं नाही. म्हटलं, अहो, तुम्हाला गाडीखाली घालतायत आणि तुम्ही मलाच गप्प करताय? ही शाल मी त्यांना परत देणार म्हणजे देणार.

ते शांतपणे म्हणाले, "नको. इकडे दे. जाड आहे, पोत्यापेक्षा बरी. डांबर खालून भाजतं."

मी पिशवी उघडली. शाल देऊन टाकली. संध्याकाळी ती घेऊन ते नागपूरला निघाले. कोरी करकरीत होती, सत्कारानंतर कपाटातच ठेवली होती. तिची घडी मोडली ती गाडीखाली, डांबरावर.