तुरीला शेंग धरेपर्यंत

जे मूल पावसाळ्याच्या तोंडाशी तूर पेरतं आणि तिला शेंग धरायच्या आत गाव सोडून जातं, त्याला आपण विज्ञान शिकवलं असं तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणाल?

मी पत्रकांवर वाढले. वडील कामावरून आले की जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचे. कधी दारूविरुद्ध, कधी बुवाबाजीविरुद्ध, कधी गावची शाळा बंद होऊ नये म्हणून. मला अक्षरओळख त्याच कागदांवर झाली. त्यामुळे मानोरा तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी रुजू झाले आणि चौथीच्या परिसर अभ्यासाचं वार्षिक नियोजन करायची वेळ आली, तेव्हा मी तेही पत्रकासारखंच लिहिलं.

पुस्तकाचा क्रम सोडून अख्खं वर्ष मी एका दाण्याभोवती बांधलं. प्रत्येक मुलाने शाळेच्या कुंपणालगत तुरीचा एक दाणा लावायचा. जुलैत मूळ आणि माती, मग पानं आणि त्यांवरचे किडे, मग पाऊस मोजायचा, दिवाळीच्या सुमारास फूल, त्यानंतर शेंग. जानेवारीत दाणे काढायचे आणि पुढच्या चौथीसाठी राखून ठेवायचे. दाण्यापासून दाण्यापर्यंत. मला ते नियोजन फार सुंदर वाटलं होतं. अजूनही वाटतं.

शाळेतली बरीच मुलं नाल्यापलीकडच्या तांड्यावरून यायची. त्यातली एक मुलगी दिवसभर “काहून?”, म्हणजे “का?”, विचारायची. पाण्याच्या ग्लासात ओला कापूस घालून आम्ही दाणे रुजत ठेवले, तेव्हा तिने आपला मुद्दाम उलटा ठेवला.

“बाई, आता मूळ वर जाईन काय?”

“रोज येऊन पाहा.”

मूळ आधी वर निघालं आणि मग वळून खाली गेलं. ती जमिनीवर पालथी पडून ग्लासाकडे बघत राहिली. “याले डोये नाई. मंग खालतं कोनतं हे याले कोन सांगते?”

मागून एकजण म्हणाला, “तुले पोहरादेवीच्या जत्रेची वाट कोन सांगते? तसंच.”

वर्ग हसला. ती हसली नाही. “मी त लोकायले इचारतो. हे कोनाले इचारते?”

मग आम्ही ग्लास आडवा केला. मूळ पुन्हा वळलं. तिने तो पुन्हा फिरवला. त्या बिचाऱ्या दाण्याला तिने आठवडाभर छळलं. पुढे कुंपणाशी लावलेलं तिचं झाड गुडघ्याएवढं झालं, तेव्हा त्याला तिने आईच्या जुन्या ओढणीची लाल चिंधी बांधली.

पोळा झाल्यावर एकदा मुख्याध्यापक सर कुंपणाशी येऊन उभे राहिले. “तूर झकास हाये, मॅडम. पन शेंगा कोनाले दाखवसान? दसऱ्यानंतर तांडा खाली होते. ऊसतोडीले जातेत सारे, गुढीपाडव्याले येतेत. मूग लावायचा होता. आतापर्यंत हाती आला असता.”

मी वाशीम शहरात वाढलेली. तांड्यावरची माणसं ऊस तोडायला जातात, हे मला पत्रकातून ठाऊक होतं. माझ्या वर्गातली मुलंही त्याच ट्रकमध्ये बसतात, हे मात्र नियोजनाच्या कुठल्याच रकान्याने विचारलं नव्हतं.

“सर, जूनमध्येच का नाही सांगितलंत?”

“जूनमध्ये तुमी आयकत होत्या काय?” ते हसले. “आमीही पहिल्या सालाले असेच गरम होतो.”

मी तांड्यावर गेले. त्या मुलीची आई पत्र्याच्या पेटीत भांडी भरत होती. लेकीला शाळेसाठी मागे ठेवा, म्हणाले.

“ठेवतो ना. मले काय हौस हाये तिले नेयाची? पन कोनापाशी ठेवू, ते सांगा. मागं राह्यलेल्या म्हाताऱ्याईचेच इथं हाल हायेत.”

“माझ्याकडे. मंगरूळपीरला माझी खोली आहे.”

“तुमी एकल्या. पोरगी रातच्याले तापली त तिकडं कोन हाये आमचं? गावात ठेवा कोनाच्याई घरी. आत्ता तिचे कपडे काढून ठेवतो पेटीतून.”

म्हणजे एक घर हवं होतं. दसरा ते पाडवा, एका मुलीला दोन वेळचं जेवण आणि झोपायला कोपरा. मी पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि गावातल्या दारोदार फिरले. माझी भाषा कधीच इतकी चांगली उतरली नव्हती. लोकांनी ती वाचलीही. “मस्त लिहता बा तुमी,” एक काका म्हणाले. “पोरीची जात हाये, काही झालं त जिम्मा कोनाचा?” एका काकूंनी विचारलं. दुसऱ्या घरात, “तसं काही नाई, पन तांड्याची पोरगी आपल्या सैपाकघरात...” एवढंच म्हणून बाईंनी माझ्या हातात चहा दिला. एका तरुणाने पत्रकाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

घर एकही मिळालं नाही.

ट्रक आला त्या सकाळी ती कुंपणाशी धावत आली. तुरीवर पिवळी फुलं नुकती दिसू लागली होती. “शेंग आली की ठेवजा, बाई,” एवढंच म्हणाली आणि परत धावली.

जानेवारीत उरलेल्या मुलांनी आपापल्या शेंगा तोडल्या. कुंपणालगतची बरीच झाडं बिनमालकाची उभी होती. लाल चिंधीचा रंग उडाला होता. तिचे दाणे मी एका बाटलीत भरून ठेवले.

पाडव्यानंतर ती वर्गात आली. उसाच्या पातीने हात चिरलेले होते. मी बाटली दिली. तिने ती हलवून पाहिली आणि बाकावर ठेवली. मी पुन्हा ग्लास आणला, दाणा उलटा ठेवला, मूळ कसं वळायचं याची आठवण करून दिली.

“हो, बाई,” ती म्हणाली. मी बराच वेळ वाट पाहिली. तिने काही विचारलं नाही.

पाचवीसाठी शेजारच्या गावात जावं लागतं. ती गेली नाही. “आता कामाले हात लावते पोरगी,” असं तिची आई मला सांगत होती तेव्हा ती चुलीशी बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

यंदाच्या नियोजनात मी मूग लिहिला आहे. पोळ्यापर्यंत तो हाती येईल, प्रत्येक मुलाला आपली शेंग आपल्या हाताने तोडता येईल. पण मुलाचं “काहून” पोळ्यापर्यंत पिकवून घेता येत नाही. त्याला वर्ष लागतं, आणि वर्षभर एक घर लागतं.

म्हणून हे वाचून छान लिहिलं आहे असं मला कळवू नका. ते मी ऐकलं आहे. दसऱ्याच्या आत तुमच्या गावाजवळच्या तांड्यावर जा. पेट्या भरल्या जाण्याआधी एखाद्या आईला सांगा, तुझं लेकरू पाडव्यापर्यंत आमच्या घरी राहील. आणि त्याला तुमच्या सैपाकघरात, तुमच्या पंगतीला बसवा.