डावा कान आणि तोंडी लावणं

इथे परदेशात, टाकानिनी नावाच्या उपनगरात नव्या घरात आलो त्या वर्षीची गोष्ट. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. एकदम अंगण फिरायला लागलं, डाव्या कानात जुन्या पंख्यासारखी घरघर सुरू झाली आणि मी गवतावर बसले ती दोन तास. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी वही केली: तारीख, किती वाजता, किती वेळ, आधी काय खाल्लं होतं. वह्या करणं ही माझी जुनी खोड. नवरा म्हणायचा, "यमदूत आला तरी तू आधी त्याची रजिस्टरात सही घेशील."

डॉक्टरांनी वही नीट वाचली आणि सांगितलं, चक्कर न सांगता येते, तेव्हा गाडी चालवायची नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. शेजारच्या मनुरेवा उपनगरातल्या एका गोदामात मी मालाची नोंद बघायचे. शिफ्ट सकाळी सहाची, त्या वेळेला बस नाही आणि नवऱ्याचं ऑफिस उलट दिशेला. मॅनेजर भला माणूस होता. म्हणाला, "ख्रिसमसपर्यंत तुझी जागा ठेवतो. पुढचं मला सांगता येणार नाही."

ऑगस्टमध्ये कानाचा एमआरआय झाला. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ तर नाही ना, ते आधी बघायचं होतं. त्या हॉस्पिटलात चक्कर येणाऱ्यांच्या स्कॅनचा अभ्यासही चालू होता. माझ्या स्कॅनचे फोटो आणि वही त्यांना हवी होती, मी संमतीची सही केली. यंत्राच्या नळीत डोकं न हलवता पडायचं आणि कानाशी ठोकाठोक. मी मनात आठवड्याची किराणा यादी दोनदा केली.

नंतर स्पेशालिस्टने पडद्यावर दाखवलं: एक चिमुकला शंख आणि त्याला लागून तीन कड्या. "या कड्या तुम्हाला तोल सांभाळायला मदत करतात," तो म्हणाला. एवढ्याशा जागेत इतकं सामान कुणी इतकं नेटकं लावलंय, हे बघून मला क्षणभर आजाराचा विसर पडला. गाठ नव्हती.

"मग चक्कर कशाने?"

"आतला द्रव वाढत असावा. साध्या स्कॅनमध्ये तो नीट दिसत नाही, तो कसा दिसेल यावरच आमचं काम चाललंय. तोवर मीठ कमी करा. सलग सहा आठवडे चक्कर आली नाही, तर गाडीचं बघू."

मी त्याच दिवसापासून भाजी-वरणातलं मीठ जवळजवळ बंद केलं. खाल्लेलं सगळं लिहिलं. तरी चकरा येतच राहिल्या. शाळेच्या सुट्टीत लेकीला घेऊन हॉस्पिटलात गेले, तेव्हा अभ्यासाचं काम बघणारी नर्स वही चाळत म्हणाली, "यात खारट काहीच नाही. एवढंच खाता?"

"एवढंच."

शेजारी पुस्तक वाचत बसलेली लेक मान वर न करता म्हणाली, "आई, व्हॉट अबाउट लोणचं? अँड पापड? यू हॅव हीप्स, ढीगभर."

"अगं, ते जेवण नाही. ते तोंडी लावणं."

नर्सने पेन हातात घेतलं. मग मला उकलून सांगावं लागलं. अळणी वरणभात घशाखाली उतरावा म्हणून मी लोणच्याच्या दोन फोडी घेत होते, कधी तीन. पापड रोज. सांडगी मिरची वेगळीच. पानात डावीकडे वाढलेलं वहीत लिहायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी येऊन लोणच्याची बरणी नवऱ्याच्या हातात दिली. "गॅरेजमध्ये ठेव. वरच्या फळीवर."

"मी खाल्लं तर चालेल ना?"

"तिथेच उभा राहून खा."

वहीत तोंडी लावण्याचा नवा रकाना आखला आणि तो रिकामा ठेवला. जेवण बेचव लागायचं. लिंबू पिळून, जिऱ्याची पूड घालून भागवलं. पहिल्या आठवड्यात एक छोटी चक्कर आली. त्यानंतर वहीतला चक्करेचा रकानाही कोरा जायला लागला. सलग सहावा आठवडा कोरा गेला तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. डॉक्टरांनी होकार दिला, वर बजावलं, कानात घरघर सुरू झाली की गाडी बाजूला घ्यायची.

पहिल्या सकाळी नवरा सोबतीला शेजारी बसला. "पुढे राउंडअबाउट आहे, सांभाळ."

"दिसतंय मला."

गाडी गोल फिरली, बाकी काहीच फिरलं नाही. पावणेसहाला गोदामाशी पोचलो. मी वहीत वेळ लिहिली आणि आत गेले.